वाचता येणारं तोंड

डोंबिवली,
९ ऑगस्ट १९५४

तीर्थरूप त्र्यंबककाकांस,

मंदाकिनीचा नमस्कार. पत्र हेमाच्या दप्तरातून पाठवते आहे. कल्याणची तीन मुलं शाळेच्या रखमाबाईच ठाण्याला आणतात आणि परत पोचवतात, तेव्हा टपालाची गरज नाही. शिवाय पत्र मिळालं नाही असं तुम्हाला म्हणताही येणार नाही.

तुमची नात आमच्या शाळेत येऊन दोन महिने झाले. ऐकू न येणाऱ्या सोळा मुलांत ती वयाने सर्वांत लहान, सहा वर्षांची, आणि सर्वांत चौकस. आरशासमोर बसून, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून 'आई' म्हणते. माझे ओठ पाहून 'पाणी', 'फूल' आणि 'बस' ओळखते, 'पाणी' तर म्हणतेही. शाळेच्या दोन खोल्या भातगिरणीच्या वर आहेत हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या आवाजात दुसरं कुणी राहायला तयार होईना म्हणून त्या आम्हाला मिळाल्या. मुलांना त्याचं काहीच नाही, डोकं दुखतं ते माझं.

आता तक्रार. सरोजवहिनी बाळंतपणासाठी अलिबागला गेल्यापासून हेमा मागे पडते आहे. शाळेत शिकलेला शब्द घरी कुणाच्या तरी ओठांवर रोज दिसला पाहिजे. तो वहिनींच्या ओठांवर दिसत होता. आता घरात उरलेली तीन तोंडं मी एकदा येऊन पाहून गेले आहे. काकू मिशेरी लावून, वर पदर तोंडाशी धरून बोलतात. बाकी दोघांच्या, तुमच्या आणि विश्रामदादांच्या, ओठांवर मिशांचं रान माजलं आहे. त्या मुलीने वाचायचं कुठे?

म्हणून तीन गोष्टी करा. बोलताना तोंड उजेडाकडे ठेवा. हातवारे बंद करा, नाहीतर ती ओठांकडे बघणारच नाही. आणि घरातल्या पुरुषांनी मिशा काढाव्यात.

तुमची
मंदाकिनी

———

कल्याण,
१४ ऑगस्ट १९५४

चि. मंदाकिनी,

आशीर्वाद आहेतच. मी तेहतीस वर्षे मुन्सफ कोर्टात काढली, शिरस्तेदार होऊन निवृत्त झालो, त्यामुळे मुद्देवार उत्तर देतो.

उजेड. विश्रामची बसायची जागा खिडकीसमोर केली आहे. तो मालधक्क्यावरून दमून येतो आणि डोळ्यांवर ऊन येते म्हणून पाठ फिरवून बसतो. त्याला मी काय करू?

हातवारे. तुझी काकू आणि हेमा स्वयंपाकघरात हातांनी तासन्‌तास गप्पा मारतात. समोरचा विठ्ठल वाणी तराजू कसा धरतो याची नक्कल पोर अशी करते की हसू आवरत नाही. पण तू सांगितलेस म्हणून दोघींना बंदी केली. आता चोरून करतात.

मिशा. हा मुद्दा सोडून बोल. बाप हयात असताना मुलाने मिशी उतरवणे म्हणजे बापाला जिवंतपणी तिलांजली देणे. मी अजून आहे. दोन वेळा जेवतो, संध्याकाळी पारनाक्यापर्यंत फिरून येतो. विश्राम सफाचट होऊन बाहेर पडला तर लोक माझ्या दारात टोप्या काढून उभे राहतील.

तू मुक्यांची मास्तरीण व्हायला निघालीस तेव्हा बोलत्या मुलांना शिकवायला शाळा कमी पडल्या का, असे मीच तुझ्या वडिलांना हुबळीला लिहिले होते. ते शब्द मी मागे घेतले आणि घरची पोर तुझ्या स्वाधीन केली. यापेक्षा अधिक काय हवे?

त्र्यंबक

———

डोंबिवली,
२ सप्टेंबर १९५४

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. ठाण्याच्या कचेऱ्यांतले निम्मे कारकून रोज सकाळी मिशी काढून कामावर जातात आणि त्यांचे वडील संध्याकाळी तलावाकाठी खणखणीत आवाजात राजकारण बोलत असतात. एकाचेही वडील त्यामुळे गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

हेमा 'पाणी' विसरली. काल तिने तांब्याकडे बोट दाखवलं, मी शब्दाची वाट पाहत थांबले, आणि ती माझ्या तोंडाकडे न बघता खाली बघत राहिली. हे मला फार लागलं. पुरुषांच्या चेहऱ्याकडे तर ती बघायचीच बंद झाली आहे. आमचे चित्रकलेचे आनंद मास्तर बिनमिशीचे, स्वभावाने गरीब, पण ते समोर आले की ही भिंतीकडे बघते. घरी शिकलेला धडा तिने इथे गिरवला. तो धडा असा की पुरुषाच्या तोंडात आपल्यासाठी काही नसतं.

विश्रामदादा आजवर तीनदा शाळेत आले. तिन्ही वेळा भुशाच्या धुळीचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरून जिन्यात बसले. मी बोलले तर मान हलवली, एक शब्द उच्चारला नाही. त्यांना आमच्या शाळेची लाज वाटत असेल तर तसं सांगावं.

माझंही जरा ऐका. शाळेच्या समितीतली मंडळी मला भाषणात सेवाव्रती म्हणतात, आणि खडू संपले की सेवेत खडू कशाला लागतात अशा नजरेने बघतात. नातेवाईक म्हणतात, पोरीचं लग्न झालं की हे खूळ जाईल. खूळ नाही हो काका. मुंबईला दोन वर्षं शिकून मी हे काम मिळवलं आहे. सुताराने लाकूड ओलं आहे म्हटलं तर लोक ऐकतात. मी मिशी काढा म्हटलं तर कुणी का ऐकत नाही?

मंदाकिनी

———

कल्याण,
७ सप्टेंबर १९५४

चि. मंदाकिनी,

आशीर्वाद. उंटावरून शेळ्या हाकू नकोस. घर मला चालवायचे आहे.

तुझ्या समाधानासाठी मी विश्रामला मोठ्याने बोलायला सांगितले आहे. मी स्वतः रोज सकाळी हेमाच्या कानाशी जाऊन दहा वेळा 'पाणी' असे ओरडतो. पलीकडच्या आळीतला सहदेव काल पाण्याचा हंडा घेऊन आला, त्याला वाटले आमची विहीर आटली.

त्र्यंबक

———

डोंबिवली,
४ ऑक्टोबर १९५४

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. तुमचं मागचं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. कानात ओरडून ऐकू येत असतं तर आमच्या खालच्या गिरणीने सोळाही मुलं बरी केली असती.

आता चेष्टा पुरे. समितीने ठरवलं आहे की १८ डिसेंबरला, शनिवारी, प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यायची. आमच्याकडे जागा सोळा आणि बाहेर थांबलेली मुलं एकतीस. घरच्या माणसाने समोर बसून साधी वाक्यं बोलायची, मुलाने ती ओठांवरून ओळखून तसं करायचं. जे मूल घरच्या माणसाचं बोलणं ओळखणार नाही त्याच्या घरी अभ्यास होत नाही असं समजून ती जागा दुसऱ्याला देणार. माझं बोलणं ओळखून चालणार नाही, ते मी विचारून पाहिलं.

वहिनी जानेवारीशिवाय येत नाहीत. म्हणजे हेमाची जागा तुमच्या तिघांच्या तोंडावर आहे. आणि एकदा गेलेली जागा परत मिळायला ती दहा वर्षांची होईल. तोवर जीभ आणि डोळे दोन्ही आळसावलेले असतात.

आणखी एक. गेले दोन महिने तुम्ही मला विश्रामदादांच्या मिशीचं शास्त्र सांगता आहात. तुमचे वडील जाऊन चोवीस वर्षं झाली. मी पहिल्याच पत्रात 'घरातल्या पुरुषांनी' असं लिहिलं होतं. आरशात एकदा बघाल का?

मंदाकिनी

———

कल्याण,
३० ऑक्टोबर १९५४

चि. मंदाकिनी,

आशीर्वाद. तुझे पत्र आल्यावर तीन आठवडे मी आरसा टाळला. भाऊबीज होऊ दिली आणि काल सकाळी राघो न्हाव्याकडे गेलो. चोवीस वर्षांची मिशी. त्याला म्हटले, उतरव.

राघोने वस्तरा खाली ठेवला, डोळ्यांत पाणी आणले आणि विचारले, "कोण गेलं?"

कोणी नाही, असे म्हटले तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी मीच वस्तऱ्याला हात घातला तेव्हा तो कामाला लागला. घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे धावली होती. तुझी काकू ओसरीवर गळा काढून बसली होती, चिपळूणचे माझे थोरले दादा गेले असे धरून. त्यांच्या गुणांचे वर्णन चालू होते. हयातीत तिने त्यांना एक गुण दिला नव्हता. विठ्ठल वाण्याने दुकानाची एक फळी लावून घेतली. सहदेवने दिवाळीच्या फराळाचे ताट अर्ध्या वाटेवरून परत नेले, कारण सुतकात गोड कसे खाणार. संध्याकाळपर्यंत मी सतरा जणांना सांगितले की आमच्या घरात सर्व जिवंत आहेत. काहींची निराशा झाली असावी.

आता मुख्य बाब. हेमाला खिडकीत बसवले. तिने माझ्या वरच्या ओठावर बोट फिरवले आणि खूप हसली. मग मी 'फूल' म्हणालो, तिने वाटी आणली. 'वाटी' म्हणालो, तिने मला मिठी मारली. 'पाणी' म्हटल्यावर ती उठून काकूकडे गेली आणि माझ्या तोंडाची नक्कल करून दाखवली. काकू दिवसभर रडत होती, ती तेवढी हसली.

मिशी गेली आणि काम झाले नाही. माझे काय चुकले ते कळव.

त्र्यंबक

———

डोंबिवली,
८ नोव्हेंबर १९५४

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. तुम्ही केलंत ते मनापासून केलंत. पण काका, तुम्हाला पुढचे दात नाहीत. ओठ आत जातात, जीभ कुठे लागते ते दिसत नाही. हे माझ्याही ध्यानात यायला हवं होतं. कवळी करायला घेतली तरी ती तोंडात बसून बोलणं रुळायला चार महिने जातील, आणि आपल्याकडे चाळीस दिवस आहेत. काकूंच्या तोंडाची गत वेगळी नाही.

राहिले विश्रामदादा. काल रविवारी मी मुद्दाम कल्याणला आले आणि मालधक्क्यावर त्यांना गाठलं. घरी आले नाही, कारण तुम्ही मध्ये बोलला असतात. त्यांना सगळं समजावून सांगितलं. परीक्षा, जागा, थांबलेली मुलं. त्यांनी रुमाल तोंडावर घेतला, पोत्यांकडे बघत उभे राहिले आणि मग मला तिथेच सोडून आत निघून गेले. माझ्या तोंडून गेलं की पोटच्या मुलीपेक्षा ज्याला मिशी मोठी वाटते त्याने बाप म्हणवून घेऊ नये. हमाल ऐकत होते. त्यांनीही ऐकलं असणार.

मुरबाडहून काळुराम नावाचे एक शेतकरी दर पंधरा दिवसांनी पाच वर्षांच्या मधुला खांद्यावर घेऊन जागा विचारायला येतात. मधुशी बोलताना स्वतःचा चेहरा उजेडात धरतात, कुणी न शिकवता. या माणसाला नाही म्हणताना माझी जीभ अडखळते. तुमच्या घराला खरोखरच गरज नसेल तर स्पष्ट लिहा. मी हेमाचं नाव आधीच काढते, परीक्षेत तिची शोभा नको.

मंदाकिनी

———

कल्याण,
२१ नोव्हेंबर १९५४

चि. मंदाकिनी,

नाव काढू नकोस. आधी हे वाच.

मी तुझ्याशी खोटे बोललो. शास्त्र खरे आहे, पण कारण ते नव्हे. विश्राम जन्मला तेव्हा त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. ग्रहणात विळीला हात लावलास म्हणून असे झाले, असे मी तुझ्या काकूला म्हणालो, आणि एकदा म्हणून थांबलो नाही. तिची पदर तोंडाशी धरायची सवय कधीपासूनची ते तू विचारू नकोस.

चौथ्या वर्षी मिशनच्या दवाखान्यात टाके घातले. ओठ जुळला, व्रण राहिला, आणि बोलणे नाकातूनच राहिले. शाळेत मुले त्याच्यासारखे बोलून दाखवत. पहिलीत भरपूर बोलणारा मुलगा चौथीत गप्प झाला. सतराव्या वर्षी मिशी फुटली तेव्हा मी त्याला म्हणालो, ही आता उतरवू नकोस, कोणी विचारले तर वडील हयात आहेत म्हण. सरोजला पाहायला गेलो तेव्हा सगळे बोलणे मी केले. त्याला एक 'हो' म्हणायचे होते, ते तो मान हलवून म्हणाला. मुलगा फार शालीन आहे, असे अलिबागकर म्हणाले आणि मी मिशीला पीळ दिला.

मग हेमा झाली, आणि तिला ऐकू येत नाही हे कळले. मला वाटले माझी चोरी पकडली गेली. विश्रामचा ओठ उघडा पडला तर सरोजच्या माहेरचे म्हणणार की दोष तुमच्या रक्तात होता, तुम्ही फसवलेत, पोरीचे कान त्यामुळेच गेले. आता दुसरे मूल यायचे आहे. या भीतीने मी तुला शास्त्र सांगत बसलो आणि माझी मिशी काढून त्याची वाचवायला गेलो.

तू मालधक्क्यावर बोललीस ते त्याने मला सांगितले नाही. तुझ्या पत्रातून कळले. तू चुकलीस, पण मूळ चूक माझी आहे. हे पत्र मी त्याला वाचून दाखवले आहे. तो काहीही न बोलता उठून गेला. या घरात काही न बोलण्याची सवय मीच लावली.

एकच विचारतो. अशा ओठांचे बोलणे ती ओळखू शकेल?

त्र्यंबक

———

डोंबिवली,
२३ नोव्हेंबर १९५४

विश्रामदादांस,

हे पत्र तुम्हाला आहे, काकांना नाही. रखमाबाईंना तसं बजावलं आहे.

मी ओठांवर पोट भरते आणि तुमचा रुमाल मला कळला नाही. मालधक्क्यावर जे बोलले त्याची मला शरम वाटते. तुम्ही गर्विष्ठ आहात असं मी चार महिने मानत आले. माफ करा.

आता तुमची बहीण म्हणून नाही, हेमाची बाई म्हणून लिहिते. तुमच्या ओठामुळे तिचे कान गेले नाहीत. हे मला मुंबईला शिकवणाऱ्या डॉक्टरांनी अशाच दुसऱ्या घराबद्दल स्पष्ट सांगितलं होतं. ती दीड वर्षाची असताना तिला मोठा ताप आला होता, हे वहिनींनी प्रवेशाच्या कागदावर लिहिलं आहे.

दुसरं. तुमचा 'प' नाकातून जातो, म्हणून ऐकणाऱ्याला तो 'म' वाटतो. पण 'प' म्हणायला दोन्ही ओठ मिटतात आणि 'म' म्हणायलाही मिटतात. तुमचे ओठ मिटत असतील तर पाहणाऱ्याला त्यात काही कमी दिसत नाही. वाक्य पुरं असलं की शब्द कुठला ते हेमा बरोबर ओळखते. व्रण असला म्हणून अडत नाही. तिला तोंड सुंदर लागत नाही, उघडं लागतं.

यावं असा आग्रह मी आता करणार नाही. पंचवीस दिवस आहेत. रोज खिडकीत अर्धा तास पुरेल.

मंदाकिनी

———

डोंबिवली,
१८ डिसेंबर १९५४

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. हेमा घरी पोचली असेल आणि विश्रामदादांनी तुम्हाला काही सांगितलं नसेल, म्हणून लगेच लिहिते. रखमाबाई सोमवारी येतील, तोवर मला दम निघणार नाही. हे टपालाने येईल.

गेल्या पंचवीस दिवसांत तुमच्या घरून मला ओळही आली नाही. हेमा 'पाणी' पुन्हा म्हणू लागली होती, पण कोण शिकवतं ते कळायला मार्ग नव्हता. आज सकाळी ती जिना चढून आली तेव्हा मागे विश्रामदादा होते, गळ्यापासून नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. नाव पुकारल्यावर ते समोरच्या खुर्चीवर बसले आणि मफलर काढून मांडीवर ठेवला. मिशी नव्हती. मी व्रणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

टेबलावर वाटी, दोरा, पाटी आणि दोन फुलं होती, एक लाल आणि एक पिवळं. दादा हेमाकडे बघून म्हणाले, "पिवळं फूल बाईंना दे."

समितीतल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. खाली गिरणी चालूच होती. मग समितीचे अध्यक्ष, मोठे भले गृहस्थ, सगळ्यांच्या देखत म्हणाले की यांचं बोलणं स्पष्ट नाही, मुलीवर अन्याय होईल, दुसऱ्या कुणीतरी विचारावं. दादांचा हात मफलरकडे गेला. मला इतका संताप आला की मी उभी राहिले, आणि उभी राहिले तर समोर हेमा, हातात पिवळं फूल घेऊन, बाई कधी घेतात म्हणून वाट बघत. ती केव्हाच उठली होती. ज्यांना ऐकू येतं अशा सगळ्यांना ते वाक्य पुन्हा हवं होतं, तिला नको होतं.

दुसरं वाक्य होतं खिडकी बंद करण्याचं. तिने खिडकी बंद केली आणि गिरणीचा आवाज जरा कमी झाला. तिसऱ्या वाक्याला अध्यक्षांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "हिला खरंच ऐकू येत नाही ना?"

हेमाची जागा राहिली. एका मुलाच्या घरून परीक्षेला कुणी आलंच नाही, त्याची जागा मधुला मिळणार. याचा आनंद मानावा की त्या मुलासाठी रडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. उद्या त्याच्या घरी जाते आहे. खडू मागितले होते. समितीने टाळ्या वाजवल्या.

आणि काकूंना सांगा, स्वयंपाकघरातले हातवारे चालू द्या. तीन तोंडांच्या घरात ती पोर चार महिने कुणाशी तरी पोटभर बोलत होती, ते काकूंशीच. मी ते बंद करायला निघाले होते. हे समितीला मात्र कळू देऊ नका. आणि पदर खाली घ्या म्हणावं. हे तुम्ही सांगायचं आहे, मी नाही.

मंदाकिनी

———

कल्याण,
२० डिसेंबर १९५४

मंदाकिनीबाईंस,

नात्याने तुम्ही धाकट्या, पण हेमाच्या बाई आहात म्हणून तुम्ही म्हणतो. मला पत्र लिहायची सवय आहे, बोलायची नाही. तरी तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला एवढे दिवस लागले.

परीक्षेत तुम्ही उभ्या राहिलात ते पाहिलं. अध्यक्षांचा राग धरू नका. असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं आहे, बहुतेकांनी हसून. ते हसले नाहीत.

तुमचं पत्र आल्यावर चार दिवस मी ते खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी राघोकडे गेलो. वडिलांच्या वेळचा गोंधळ त्याला आठवत असावा, त्याने काही विचारलं नाही, फक्त खिडकी लोटून घेतली. काम झाल्यावर त्याने आरसा पुढे केला आणि मी तो परत दिला.

मी सरोजला अलिबागला सगळं लिहून कळवलं. आठ वर्षं लपवलं ते लिहिलं. तिचं उत्तर परवा आलं. तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं आणि तिच्या वडिलांना तर सुपारी फुटायच्या आधीच. मी त्याबद्दल बोलत नाही, म्हणून मला वाईट वाटतं असं समजून तीही बोलली नाही. दोन आठवड्यांपूर्वी झालेला मुलगा चांगला आहे, जवळ खुळखुळा वाजला की दचकतो, असंही लिहिलं आहे. आप्पांना, म्हणजे वडिलांना, मी ते पत्र वाचायला दिलं. वाचून त्यांनी ते घडी करून ठेवलं. नंतर स्वयंपाकघरात जाऊन आईशी काहीतरी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण काल आई ओसरीवर सहदेवच्या बायकोशी बोलत होती आणि पदर खांद्यावर होता.

मला तुम्हाला वेगळंच सांगायचं होतं. मिशी काढली त्या संध्याकाळी मी हेमाला घेऊन खिडकीत बसलो. ती माझ्याकडे बघेना. मी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. तिने व्रण पाहिला, त्यावर बोट ठेवलं आणि 'बाऊ?' म्हणाली. हा शब्द तिला येतो हेच मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, नाही, आता दुखत नाही. ती माझ्या ओठांकडे बघत होती. तिने मान हलवून 'नाही' म्हटलं. मी बोललो ते तिला कळलं होतं.

मग तिने माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि 'बाबा' म्हणाली. आणि तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून थांबली. तुम्ही वर्गात असं शिकवता हे मी जिन्यातून पाहिलेलं आहे. तिला वाटलं असणार की मलाही अजून बोलता येत नाही आणि मला शिकवायला हवं. 'ब' आणि 'प' असलेले शब्द मी पाचवीपासून टाळत आलो. मालधक्क्यावर मी 'पोती' म्हणत नाही, 'नग' म्हणतो. पण ती हात काढेना. म्हणून मी म्हणालो, बाबा.

नाकातूनच गेलं. तिने जरा विचार केला आणि माझी पाठ थोपटली, तुम्ही मुलांची थोपटता तशी. माझ्या बोलण्याबद्दल शाबासकी मला आजवर कुणी दिली नव्हती. आता रोज संध्याकाळी ती मला बोलायला शिकवते आणि मी घरी यायला उशीर करत नाही.

विश्राम